सायकल दिली, छर्रे कोण देणार?

सायकलवाटपाचा फोटो वर्तमानपत्रात हमखास छापून येतो. कोऱ्या सायकली ओळीने उभ्या, हँडलवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, मागे मान्यवर आणि पुढे गणवेशातल्या मुली. त्याच सायकलींचा तिसऱ्या पावसाळ्यानंतरचा फोटो काढायला मात्र कोणी जात नाही. गेलंच कोणी, तर त्यातल्या कित्येक घराच्या ओसरीत नाहीतर गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्या सापडतील, एखादीच्या हँडलवर टॉवेल वाळत असेल. कारण विचारलं की अकोला-अमरावतीकडे उत्तर मिळतं, “लय जड जाऊन राह्यली होती, मंग ठेवून देली.”

सायकल जड जाण्याची तीन कारणं कोणालाही दिसतात. टायरात हवा कमी, ब्रेकचे रबर रिमला घासतायत, चेन तेलावाचून लाल झालेली. चौथं कारण दिसत नाही, कारण ते चाकाच्या पोटात, हबमध्ये लपलेलं असतं. हवा भरून आणि चेनला तेल देऊन झालं की घरच्या माणसाचे उपाय संपतात आणि सायकल बाद ठरते. खरं तर तिला हवी असते अर्ध्या तासाची मिस्त्रीची मेहनत आणि मूठभर छर्रे. सरकारी सायकल योजनांचा हिशेब खरेदीच्या पावतीपाशी थांबतो. तो हबपर्यंत न्यायला हवा.

हब म्हणजे चाकाच्या मधोमध असलेली ती पोकळ नळी, जिच्या दोन्ही काठांना तारा अडकवलेल्या असतात. नळीच्या दोन्ही तोंडांशी पोलादी कप, कपात छर्रे, आणि आसावर आट्यांनी बसवलेला निमुळता कोन त्या छर्ऱ्यांना आपल्या जागी धरून ठेवतो. साध्या सायकलीच्या पुढच्या हबात साधारणपणे दर बाजूला तीन-सोळांश इंची दहा छर्रे असतात, मागच्या हबात पाव इंची नऊ. म्हणजे दोन्ही चाकं मिळून 38 छर्रे. सायकल, तिच्यावर बसणारी मुलगी, तिचं दप्तर आणि कॅरिअरवरचा धाकटा भाऊ या सगळ्यांचं ओझं या दाण्यांवर. तेही एका वेळी सगळ्यांवर नाही, त्या क्षणी खालच्या बाजूला आलेल्या मोजक्या छर्ऱ्यांवरच.

हा भार कोण कसा सोसतं यात एक गंमत आहे. कप चाकाबरोबर फिरतो, त्यामुळे त्याची झीज गोल सगळीकडे वाटली जाते. कोन मात्र आसावर जागच्या जागी असतो, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला, ठरलेल्या जागीच, वर्षानुवर्षं मार बसत राहतो. शिवाय कपाचा गोलवा छर्ऱ्याला कवेत घेणारा, तर कोनाचा गोलवा त्याच्यापासून दूर वळणारा. छर्रा कोनाला टेकतो ती जागा त्यामुळे अगदी इवलीशी, आणि तिथला दाब जास्त. आधी बारीक टिपके उमटतात, मग खड्डे पडतात, मग पोलादाचे कणच सुटायला लागतात आणि ग्रीसमध्ये मिसळून बाकीचं सगळं खरवडतात. हब उघडला की जाणता मिस्त्री आधी कोन उजेडाकडे धरून बोटात फिरवून बघतो, तो याचसाठी. कोन अजून धड असला तर परत बसवताना तो आस अर्धा फेरा फिरवून बसवतो. मार खाल्लेली बाजू वर जाते, न वापरलेली खाली येते. फुकटात कोनाचं आयुष्य वाढतं. अशी युक्ती माहीत असलेले हात आपल्या बाजारपेठांतून हळूहळू निघून चाललेत, ही काही छोटी गोष्ट नव्हे.

मागच्या चाकाचं दुखणं वेगळं. तिथे उजव्या अंगाला फ्रीव्हील बसलेलं असतं आणि त्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला. त्यामुळे छर्ऱ्यांपासून फ्रेमपर्यंतचा आसाचा तुकडा बराच लांब आणि बिनआधाराचा राहतो. डबलसीट, दुधाच्या कॅन, गवताचे भारे, हे सगळं सोसता सोसता आस तिथेच वाकतो आणि एखाद्या खड्ड्यात तिथेच तुटतो. जपानच्या शिमानो कंपनीने 1978 साली छर्रे पार बाहेरच्या टोकाला नेणारा नवा हब बाजारात आणला. गिअरच्या चांगल्या सायकलींत आज तोच प्रकार असतो. वाटपाच्या सायकलीत तो शोधू नये.

वऱ्हाडात हबवर संकटं चहूबाजूंनी येतात. कापसाची काळी जमीन पावसात फुगते आणि चिकटते. पांदण रस्त्याने निघालेल्या सायकलीचे मडगार्ड चिखलाने असे गच्च भरतात की माणूस सायकलीवर बसण्याऐवजी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. तो चिखल हबच्या तोंडाशी वाळतो आणि आतल्या ग्रीसमधलं तेल शोषून घेतो. पावसाळा सरला की धूळ. मग कापसाचं सूत, सुतळीचे तुकडे आणि गवताच्या काड्या आसाभोवती गुंडाळत जातात आणि आत शिरायला वाट करतात. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या जवळपास 900 गावांत जमिनीखालचं पाणी खारं आहे. त्याच बोअरच्या पाण्याने सायकल धुतली की पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं, आणि मिठाच्या संगतीत लोखंड किती झपाट्याने गंजतं हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही.

आणि एक नवं संकट. मोटारसायकलींच्या सर्व्हिसिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने सायकलही धुऊन मिळते. सायकल झळझळीत दिसते खरी, पण तो फवारा आसाच्या तोंडावर धरला की चिखलाला जे साधलं नसतं ते पाण्याला साधतं. हब धुवायचा नसतो, पुसायचा असतो. जुन्या लोकांनी हबवर रंगीत गोंड्यांचं कडं अडकवायची पद्धत पाडली होती. चाक फिरलं की ते कडं हबवर घसरत राहायचं आणि हब आपोआप चकचकीत राहायचा. शोभेची शोभा, पुसण्याचं पुसणं.

आता प्रत्यक्ष काम. चाक काढायचं, मागचं असेल तर ओपनर लावून फ्रीव्हील उतरवायचं. चपट्या पान्याने कोन धरून बाहेरचा नट सोडायचा, कोन फिरवून काढायचा, खाली ताट किंवा जुनं झाकण ठेवायचं म्हणजे छर्रे अंगणभर पळत नाहीत. मग सगळे भाग रॉकेलमध्ये, आणि रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून डिझेलमध्ये, धुऊन फडक्याने कोरडे करायचे. कपात बोटाचं नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर कप गेला. छर्रे मोजून घ्यायचे आणि एका हबाचे सगळेच्या सगळे बदलायचे. जुन्यांत चार नवे मिसळण्याची काटकसर महागात पडते, कारण झिजून केसभर लहान झालेले छर्रे भार घेत नाहीत आणि नव्या चौघांना सगळ्यांचं ओझं ओढावं लागतं. कपात ग्रीस भरून त्यात छर्रे रोवायचे. शेवटी एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी राहिली पाहिजे. दाटीवाटीने एक जास्तीचा कोंबला की ते एकमेकांना घासत बसतात.

खरी परीक्षा पुढे आहे. कोन किती आवळायचा? जास्त आवळला तर छर्रे दाबले जाऊन चाक करकरतं आणि कोन महिन्या-दोन महिन्यांत खड्ड्यात जातो. सैल ठेवला तर चाक डुगडुगतं, रिम ब्रेकला घासते आणि मधूनमधून बसणारे धक्के कोन-कप दोन्ही फोडतात. नेमका बिंदू या दोन चुकांच्या मधे असतो. तो हाताला कळतो, पण नवशिक्यासाठीही एक खूण आहे. चाक बसवल्यावर ते जमिनीवरून उचलून धरावं आणि व्हॉल्व्ह बाजूला ठेवून सोडून द्यावं. हब नीट जमला असेल तर व्हॉल्व्हच्या जेमतेम वजनानेही चाक आपणहून वळतं, झुलतं आणि झोके घेत थांबतं. रिम धरून आडवी हलवली तर खट्ट आवाज येता कामा नये. मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगचं बिल निमूट देणारा माणूस एवढ्या कामाचे शंभर-दीडशे रुपये सांगितले की मिस्त्रीशी हुज्जत घालतो. सायकलीच्या दुकानांत पोरं टिकत नाहीत याचं नवल वाटायला नको.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धडधाकट हब साफ केला म्हणून सायकल वाऱ्यासारखी पळू लागत नाही. सायकलस्वाराचा जोर मुख्यतः वाऱ्याला आणि टायरांना पुरा पडण्यात जातो. चांगल्या हबाचा वाटा त्यात नगण्य. छर्ऱ्यांचा शोधच मुळी एवढा पक्का निघाला. पॅरिसचा सायकल मिस्त्री ज्यूल सुरीरे याने 3 ऑगस्ट 1869 रोजी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला पॅरिस ते रूआँ ही शर्यत जेम्स मूरने छर्ऱ्यांच्या सायकलीवर जिंकली. 1883 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशरने छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र बनवलं. पुढे जगातली यंत्रंच या दाण्यांवर फिरू लागली, इतकी की दुसऱ्या महायुद्धात 1943 मध्ये दोस्त राष्ट्रांनी त्या गावावर बाँब टाकले ते तिथल्या बेअरिंगच्या कारखान्यांसाठी. हब उघडायचा तो वेग वाढवण्यासाठी नाही, पुढचा मोठा खर्च टाळण्यासाठी. दोन कप चहाच्या पैशांतले छर्रे वेळेवर बदलले नाहीत तर कोन जातो, कोनामागून आस, आणि शेवटी कप फुटला की अख्खा हब बदलायचा, म्हणजे सगळ्या तारा उसवून चाक पुन्हा विणायचं. पाच हजारांच्या सायकलीवर एवढा खर्च कोणतं घर करणार? सायकल गोठ्यात जाते ती या टप्प्यावर.

सायकल तासावर भाड्याने मिळायची त्या काळात ही अडचण नव्हती. तेव्हा सायकल दुकानदाराची होती. तिचा हब कुरकुरला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणार, म्हणून तो स्वतःच्या पोटासाठी छर्रे बदलायचा. गिऱ्हाइकाला हब नावाची वस्तू असते हे ठाऊक असण्याची गरजही नव्हती. आता सायकल घराघरात आली आणि देखभालीची जबाबदारीही तिच्याबरोबर घरी आली. ज्ञान मात्र दुकानातच राहिलं, आणि ती दुकानं एकेक करून मोटारसायकलींची झाली.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात 23 जिल्ह्यांतल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे मिळतात. 2022 साली ही रक्कम 3,500 रुपयांवरून 5,000 झाली. चांगलंच झालं. सायकलीने काय होतं याचा पुरावा देशात आहे. बिहारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आणि कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींचं नाव दाखल होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. शकुंतला रेल्वे बंद पडलेल्या आणि 2021-22च्या एसटी संपात महिनोन्महिने बस न पाहिलेल्या मुर्तिजापूर-अचलपूर भागाला हे आकडे समजावून सांगावे लागणार नाहीत.

पण आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत चालायची असेल तर तिने पाच पावसाळे काढायला हवेत. त्या पाच पावसाळ्यांसाठी योजनेत काय आहे? खरेदी झाली, पावती जमा झाली, विषय संपला. आफ्रिकेतल्या झांबियात याचा वेगळा विचार झाला. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, एफ. के. डे, यांनी 2005 साली सुरू केलेली ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था तिथे मुलींना सायकली देते, आणि सोबत गावातल्याच माणसांना दुरुस्ती शिकवून अवजारांची पेटी देते. तिथल्या अभ्यासात सायकल मिळालेल्या मुलींची गैरहजेरी 28 टक्क्यांनी कमी झालेली आढळली. सायकलबरोबर मिस्त्री उभा करायचा असतो हे झांबियाला कळलं, ते अकोल्याला कळायला अवघड का जावं?

मोजमाप करणं आपल्याला जमत नाही असं तर मुळीच नाही. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला. मिनिटामिनिटाची नोंद ठेवली गेली. त्या महामार्गाला येऊन मिळणाऱ्या पांदणीतून शाळेला जाणाऱ्या सायकलीसाठी वर्षाला अर्धा तास मागणं हे फार मोठं मागणं नव्हे.

यावर लोक म्हणतात की आता सगळं सीलबंद बेअरिंगचं येणार, कोन-छर्ऱ्यांचा जमानाच गेला. अमरावतीहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या हौशी मंडळींच्या महागड्या सायकलींत ती बेअरिंग असतातच, आणि ती वाईट नाहीत. धूळ-पाण्याला जास्त दाद देत नाहीत, संपली की ठोकून काढून नवी बसवता येतात, आणि पंख्या-मोटरींची बेअरिंग विकणाऱ्या दुकानात अनेकदा तेच माप मिळून जातं. पण पाच हजारांच्या सायकलीत अजून बराच काळ छर्रेच राहणार. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. या किमतीच्या सायकलींचे कोन मुळातच कच्च्या पोलादाचे निघतात, मग सेवा करून किती टिकणार? म्हणूनच तर सेवा हवी. उत्तम हब दुर्लक्ष सहन करतो, स्वस्त हब करत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. निदान कोन बदलायला तरी करांची सबब उरलेली नाही.

करायचं काय? सायकल मिळालेल्या प्रत्येक मुलीला वर्षाला 300 रुपयांची दुरुस्तीची चिठ्ठी द्यावी, जी गावातल्या किंवा जवळच्या बाजारगावातल्या मिस्त्रीकडे चालेल. पाच वर्षांचे दीड हजार होतात. सायकलीच्या किमतीच्या तीस टक्क्यांत ती सायकल दुप्पट चालली, तर खजिन्याचा तोटा होत नाही. वर्षातून एकदाच करायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत करावं, कारण पावसाळ्याचा चिखल आत असतो तेव्हाच तो काढण्यात अर्थ आहे. दोनदा जमलं तर दुसरी वेळ शाळा उघडण्याआधी. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तेवढी सवड मिस्त्रीला पुरते.

आणि शाळेत एक पेटी हवी: चपटे पाने, ओपनर, ग्रीसचा डबा, दोन्ही मापांचे छर्रे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, ज्यात मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा गावातल्या कारागिरांकडे बसून शिकायचं आहे. त्या यादीत सायकल मिस्त्रीला बसवायला कोणाची हरकत असणार? 1937 साली इथून जवळच, वर्ध्याच्या परिषदेत, हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं ठरलं होतं. त्या नई तालीमचे गोडवे विदर्भात भाषणांतून पुष्कळ गायले जातात. चाक उघडलं की त्यात भूमिती आहे, घर्षण आहे, धातू आहेत, आणि हाताला ग्रीस लागतं. विशेषतः मुलींच्या हाताला लागू द्यावं. ज्या मुलीने स्वतः एकदा कोन आवळला, तिला दुकानदार “पूरं चाकच बदलाव लागते” असं सांगून गुंडाळू शकत नाही.

चिठ्ठ्या खोट्या निघतील, काम न करताच पैसे उचलले जातील, ही शंका लगेच येईल आणि ती रास्तही आहे. तिच्यावर उपाय आहे. मिस्त्रीने बदललेला प्रत्येक जुना कोन आणि छर्रे मुलीच्या नावाच्या चिठ्ठीसह पिशवीत घालून शाळेत परत द्यावेत. कोन झिजलेला आहे की कोरा, हे गटशिक्षणाधिकाऱ्यालाही नखाने तपासता येईल. वऱ्हाडातला एखादाच तालुका घेऊन येत्या दिवाळीत हे करून बघायला जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीतला अर्धा तास पुरे.